मुलींचं मैदान आणि संशयाचा कायदा

(एका स्मृती-व्याख्यानमालेत डिसेंबर 2025 मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या बाई शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या. मुलींचा खो-खोचा संघ तालुक्याला न्यायचा, तर आधी घरोघरी जाऊन परवानग्या मागायच्या, हे त्यांचं निम्मं काम असे. मुलींना मैदान आपोआप मिळत नाही, कुणीतरी त्यासाठी भांडावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजचा विषय अमेरिकेतला आहे आणि मी तो बहुतांशी तिथेच ठेवून बोलणार आहे. पण तो निवडताना बाई डोळ्यांसमोर होत्या. कारण त्या वादात समोरासमोर उभे असलेले दोन्ही पक्ष एकच वाक्य म्हणतात : आम्ही मुलींच्या बाजूचे आहोत.

पुढच्या महिन्यात, 13 जानेवारीला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दोन खटले सुनावणीला येत आहेत. एकात वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली एक शाळकरी मुलगी आहे. न्यायालयाच्या कागदपत्रांत ती बी. पी. जे. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. दुसऱ्यात आयडाहो राज्यातली एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे. दोघींची जन्माच्या वेळची नोंद मुलगा अशी आहे, दोघी मुलगी म्हणून जगतात, म्हणजे दोघी ट्रान्स आहेत, आणि दोघींना त्यांच्या राज्याच्या कायद्याने मुलींच्या संघात खेळायला मनाई केली आहे. असे कायदे आता तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत झाले आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वी एकाही राज्यात नव्हता.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगतो. मुलींच्या खेळात स्पर्धा बरोबरीची असावी ही मागणी खरी आहे, आणि ती करणाऱ्या प्रत्येकाला द्वेष्टा ठरवून मोकळं होणं मला मान्य नाही. पण त्या मागणीचं नाव घेऊन जे कायदे झाले, त्यांनी प्रौढांच्या अव्वल स्पर्धेचं माप पाचवी-सहावीतल्या पोरींना लावलं. आणि त्या कायद्यांची अंमलबजावणी करायची वेळ आली, तेव्हा झडती मैदानावरच्या कोणत्याही मुलीची होऊ लागली. ज्यांचं रक्षण करायचं म्हणून कायदा केला, त्यांचीसुद्धा.

सुरुवात 1972 पासून करायला हवी. त्या वर्षी 23 जूनला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी शिक्षणविषयक एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्यातलं नववं प्रकरण टायटल नाइन म्हणून जगभर प्रसिद्ध झालं. त्याचा गाभा म्हणजे एक वाक्य, इंग्रजीत 37 शब्दांचं : केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगाच्या कारणावरून कुणाला वगळता येणार नाही, भेदभाव करता येणार नाही. खेळाचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. हे वाक्य आणण्यासाठी झटलेल्या पॅटसी मिंक आणि एडिथ ग्रीन या लोकप्रतिनिधींच्या आणि सिनेटर बर्च बाय यांच्या मनात प्रामुख्याने महाविद्यालयातले प्रवेश आणि नोकऱ्या होत्या. मिंक यांना स्वतःला स्त्री म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी दारातून परत पाठवलं होतं. खेळाचा प्रश्न नंतर उभा राहिला, आणि 1975 च्या नियमांनी तो असा सोडवला की जिथे निवड कौशल्यावर होते किंवा जिथे अंगाला अंग भिडतं, अशा खेळांत मुलामुलींचे संघ वेगळे ठेवता येतील.

त्या एका तरतुदीने काय घडलं ते आकड्यांत पाहा. 1971-72 मध्ये अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुली होत्या 2,94,015. मुलगे साडेछत्तीस लाखांवर. आज मुलींची संख्या 34 लाखांच्या घरात आहे. या मुली काही कमकुवत म्हणून मागे नव्हत्या. त्यांना धावपट्टी, प्रशिक्षक, गणवेश, प्रवासखर्च, काहीच दिलं जात नव्हतं. 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका 800 मीटर धावल्या, शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या, आणि एवढ्यावरून ती शर्यत 1960 पर्यंत बायकांसाठी बंद राहिली. स्त्रियांचा वेगळा गट ही अशा इतिहासातून मिळवलेली जागा आहे. एखादी आई किंवा जुनी खेळाडू जेव्हा म्हणते की ही जागा कुणी सैल करू नका, तेव्हा तिच्या आवाजात तो इतिहास असतो. आयडाहोत असा पहिला कायदा ज्यांनी मांडला त्या आमदार बार्बरा इहार्ट स्वतः बास्केटबॉल खेळलेल्या आणि मुलींच्या संघांना शिकवलेल्या. टायटल नाइनमुळे आपल्याला खेळता आलं, असं त्या सांगतात, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं मला कारण दिसत नाही.

शरीराचा भागही टाळून चालणार नाही. वयात येण्याआधी मुलामुलींच्या धावण्या-उड्यांत फरक थोडा असतो. वयात आल्यावर मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन अनेक पटींनी वाढतं; उंची, हाडांची लांबी, स्नायू, रक्तातलं हिमोग्लोबिन सगळंच बदलतं. अव्वल पातळीवर धावण्याच्या शर्यतीत हा फरक 10 ते 12 टक्क्यांचा पडतो, उड्यांत आणि वजन उचलण्यात त्याहून जास्त. नंतर औषधांनी टेस्टोस्टेरॉन खाली आणलं तर किती फरक मिटतो? यावरचं संशोधन तोकडं आहे आणि बरंचसं खेळाडू नसलेल्या माणसांवर झालेलं आहे. अमेरिकी हवाई दलातल्या नोंदींवर 2020 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या उपचारांनंतर ट्रान्स स्त्रियांची दंडबैठकांतली आघाडी संपली होती, पण धावण्यात त्या अजूनही सहकारी स्त्रियांपेक्षा सुमारे 12 टक्के पुढे होत्या. हा निष्कर्ष कुणाला आवडो न आवडो, तो समोर ठेवूनच बोललं पाहिजे. ट्रान्स हक्कांच्या बाजूने बोलणारे काही जण फरकच नसतो असं म्हणतात, तेव्हा ते आपल्याच बाजूचं नुकसान करतात.

कनेक्टिकट राज्यात हा प्रश्न खरोखर धावपट्टीवर आला. तिथल्या शालेय क्रीडासंघटनेचा नियम असा की विद्यार्थ्याने आपल्या लिंगओळखीनुसार खेळावं. दोन ट्रान्स मुली धावू लागल्या आणि 2017 ते 2019 या तीन वर्षांत त्यांनी मिळून राज्यपातळीवरची 15 विजेतेपदं जिंकली, असं त्यांच्याबरोबर धावलेल्या मुलींच्या दाव्यात नोंदलं आहे. त्या मुलींनी 2020 च्या फेब्रुवारीत खटला भरला. अंतिम फेरीची जागा हुकली, पदक हुकलं, महाविद्यालयाच्या निवडकर्त्यांच्या नजरेत यायची संधी हुकली, ही त्यांची तक्रार. सतरा वर्षांच्या धावपटूला एक जागा म्हणजे काय, हे मैदानावर वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. खटला दाखल झाल्यावर काही दिवसांतच तक्रारदारांपैकी एका मुलीने त्या दोघींपैकी एकीला राज्यस्पर्धेच्या अंतिम शर्यतीत हरवलंही. दोन्ही बाजूंनी तो निकाल आपापल्या सोयीने वापरला. मला त्यातून एवढंच दिसतं की एका शर्यतीवरून कायदा करू नये, आणि पंधरा विजेतेपदांकडे डोळेझाकही करू नये.

आता आयडाहो. 30 मार्च 2020. करोनामुळे शाळा बंद होत होत्या, आणि गव्हर्नर ब्रॅड लिटल यांनी देशातल्या पहिल्या बंदीकायद्यावर सही केली. प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत सगळे संघ त्याच्या कक्षेत. कायद्याचं खरं रूप दिसतं ते त्यातल्या शंकानिरसनाच्या कलमात. एखाद्या मुलीच्या मुलगी असण्याबद्दल वाद निर्माण झाला, तर तिने डॉक्टरकडून लिंग पडताळून आणायचं. पडताळणीचे तीन आधार सांगितले : प्रजननअवयवांची रचना, शरीरात आपोआप तयार होणारं टेस्टोस्टेरॉन, आणि जनुकीय तपासणी. वाद कुणी उपस्थित करायचा? प्रतिस्पर्धी संघ, पालक, प्रेक्षक, यांतल्या कुणालाही अडवणारी भिंत कलमात नव्हती. आणि ही पडताळणी फक्त मुलींच्या संघांसाठी. मुलांच्या संघातल्या कुणाला असा दाखला कधी मागितला जाणार नव्हता.

या कायद्याविरुद्ध दोघी न्यायालयात गेल्या. एक ट्रान्स विद्यार्थिनी, जिला विद्यापीठाच्या धावण्याच्या संघासाठी निवडचाचणी द्यायची होती. दुसरी ट्रान्स नव्हती. माध्यमिक शाळेत शिकणारी, जन्मापासून मुलगीच असलेली खेळाडू. अंगकाठी दणकट, राहणी मुलासारखी. आपल्याकडे बोट दाखवलं जाईल आणि आपल्याला ही तपासणी करून घ्यावी लागेल, ही तिची भीती. ऑगस्ट 2020 मध्ये न्यायाधीश डेव्हिड नाय यांनी कायद्याला स्थगिती दिली. त्यांची नेमणूक ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीतली होती. या दुसऱ्या मुलीचा दावा त्यांनी काल्पनिक म्हणून फेटाळला नाही, आणि मला तो निकालाचा फार महत्त्वाचा भाग वाटतो. पहिलीचं पुढे असं झालं की तिने निवडचाचणी दिली, वेळ कमी पडला, संघात जागा मिळाली नाही. या सप्टेंबरात तिने आपला खटला मागे घेण्याची विनंती केली. तिला शिक्षण पुरं करायचं आहे आणि नावाभोवतीचा गदारोळ नको आहे. जिच्या नावाने देशाचा कायदा घडायचा, तिला त्या नावापासून सुटका हवी आहे.

2021 उजाडलं आणि राज्यामागून राज्यात अशी विधेयकं आली. त्या वसंतात असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने वीसहून अधिक राज्यांतल्या विधेयक मांडणाऱ्या आमदारांना विचारलं : तुमच्या राज्यात असा त्रास झाल्याचं एखादं उदाहरण सांगा. जवळपास कुणालाच सांगता आलं नाही. कनेक्टिकटचंच नाव सगळे घेत होते. एका राज्यातल्या खऱ्या वादाचं उत्तर शोधायचं सोडून ज्या राज्यांत वादच नव्हता तिथे कायदे झाले, आणि तेही सरसकट.

युटाची हकीकत मी थोडी सविस्तर सांगणार आहे, कारण सगळा विषय तिच्यात सामावलेला आहे. मार्च 2022 मध्ये तिथल्या विधिमंडळाने बंदीचं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स हे रिपब्लिकन, म्हणजे विधेयक आणणाऱ्यांच्याच पक्षाचे. त्यांनी नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळाला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात आकडे होते. राज्यात माध्यमिक शाळांत खेळणारी मुलं 75,000. त्यांतली ट्रान्स मुलं चार. त्या चारांपैकी मुलींच्या संघात खेळणारी एक. एक मुलगी. या मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांचं आणि प्रयत्नांचं प्रमाणही त्यांनी त्या पत्रात नोंदवलं, आणि हा सगळा राग या चौघांवर कशासाठी, असा प्रश्न केला. खेळांत अन्यायाची शक्यताच नाही, असं मात्र ते म्हणत नव्हते. प्रत्येक प्रकरण तज्ज्ञांच्या समितीने पाहावं, ही त्यांची आधीपासूनची सूचना होती. तीन दिवसांत विधिमंडळाने त्यांचा नकार बहुमताने उलटवला.

मग ऑगस्ट आला. युटाच्या शालेय क्रीडासंघटनेने आमदारांच्या समितीला एक माहिती दिली. एका मुलीने राज्यपातळीवरची स्पर्धा मोठ्या फरकाने जिंकली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या मुलींच्या पालकांनी तक्रार केली की ती मुलगी मुलीसारखी दिसत नाही. संघटनेने चौकशी केली. तिच्या शाळेने तिचे जुने कागद काढले, थेट बालवाडीपर्यंतचे. प्रत्येक कागदावर ती मुलगीच होती. तिला आणि तिच्या घरच्यांना यातलं काही कळवलं नव्हतं. त्यांना कळवलं नाही ते लाज वाटू नये म्हणून, हेतू चांगला होता. पण क्षणभर त्या मुलीच्या जागी स्वतःच्या मुलीला ठेवून पाहा. तिने वर्षभर सराव केला, सगळ्यांच्या पुढे निघून गेली, आणि तिच्या जिंकण्याचा अर्थ प्रौढ माणसांनी असा लावला की ही मुलगी असूच शकत नाही. जास्त जिंकणं हाच पुरावा ठरला. मुली एका मर्यादेपुढे धावूच शकत नाहीत, ही 1928 ची समजूत नव्या कायद्याच्या दारातून परत आत आली.

दीड वर्षाने, फेब्रुवारी 2024 मध्ये, त्याच राज्यात शिक्षण मंडळाच्या एका निवडून आलेल्या सदस्येने समाजमाध्यमावर शाळेतल्या एका बास्केटबॉल खेळाडू मुलीचं छायाचित्र टाकलं आणि ती मुलगी नसावी असं सुचवलं. ती मुलगीच होती. मुलीला संरक्षण द्यावं लागलं. मंडळाने सदस्येवर ठपका ठेवला. पण छायाचित्र गावभर फिरून झालं होतं.

स्त्रियांच्या शरीराची अशी तपासणी क्रीडाजगताने यापूर्वी करून पाहिलेली आहे. 1966 मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना डॉक्टरांच्या समितीपुढे विवस्त्र चालावं लागलं. 1968 पासून ऑलिंपिकमध्ये गालाच्या आतल्या पेशी घेऊन गुणसूत्रं तपासायला लागले. स्पेनची अडथळ्यांची धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पातिन्यो 1985 मध्ये जपानमधल्या कोबे इथे चाचणीत नापास झाली. तिची गुणसूत्रं एक्सवाय होती. पण तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला दादच देत नव्हत्या, म्हणजे त्या हार्मोनचा तिला कणभर फायदा नव्हता. हे तिला स्वतःला तोवर माहीत नव्हतं. तिचे विक्रम पुसले, शिष्यवृत्ती गेली, ठरलेलं लग्न मोडलं. तीन वर्षं झगडून ती परत पात्र ठरली, तेव्हा उमेदीचा काळ गेला होता. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये 3,387 स्त्रियांची तपासणी झाली, आठ जणी नापास ठरल्या, आणि आठही जणींना अखेर खेळू दिलं. एकही वेषांतर केलेला पुरुष सापडला नाही. तीन वर्षांनी ऑलिंपिक समितीने ही सरसकट तपासणी थांबवली.

आपल्याकडच्या दोन मुली इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली सांती सौंदरराजन. 2006 मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत 800 मीटरचं रौप्य तिने मिळवलं, आणि लिंगचाचणीचं कारण देऊन ते काढून घेतलं. पुढे तिने वीटभट्टीवर काम केलं. दुसरी ओडिशाची द्युती चंद. 2014 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून तिला वगळलं. ती लोझानच्या क्रीडालवादाकडे गेली, आणि जुलै 2015 मध्ये लवादाने तो नियम पुराव्याअभावी स्थगित केला. या दोघी ट्रान्स नाहीत, हे पुन्हा सांगतो. दोघी जन्मापासून मुली म्हणून वाढल्या. म्हणूनच त्या या व्याख्यानात आहेत. मुलींच्या गटाच्या दाराशी तपासनीस बसवला की तो फक्त ट्रान्स मुलींना अडवून थांबत नाही.

यावर एक सडेतोड आक्षेप आहे, आणि तो मला वकिलांपेक्षा क्रीडाशिक्षकांकडून जास्त ऐकायला मिळाला. आपल्या शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालचे गट असतात, जन्मदाखला मागतातच, वयचोरी पकडतातच. मग लिंगाचा दाखला मागितला तर बिघडलं कुठे? फरक असा आहे की वयाचा दाखला सगळ्यांकडून सारखा मागितला जातो, कुणाचं तोंड पाहून नाही. आणि वय चुकलं तर मुलाला फार तर गट बदलावा लागतो. आपण कोण आहोत हा प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. पुढचा आक्षेप याहून अवघड आहे. मग सगळ्यांचीच सारखी तपासणी करा. जागतिक अॅथलेटिक्स महासंघाने 1 सप्टेंबर 2025 पासून हेच केलं : जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत स्त्रियांच्या गटात उतरणाऱ्या प्रत्येकीची एसआरवाय या जनुकासाठी आयुष्यात एकदा चाचणी. यात दिसण्यावरून संशय घेण्याचा प्रश्न उरत नाही, हे मी मान्य करतो. प्रौढ, व्यावसायिक, जागतिक विजेतेपदासाठी धावणाऱ्या स्त्रियांसाठी ते योग्य की अयोग्य, यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. पण सहावीतल्या मुलीला शाळेच्या क्रॉसकंट्री शर्यतीसाठी जनुकचाचणी? मार्टिनेझ-पातिन्योला चोविसाव्या वर्षी जे कळलं ते अकरा वर्षांच्या पोरीला शाळेच्या कार्यालयातून कळणार? तिची आई तेव्हा कोणाकडे धाव घेणार? हे कायदे करणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार केल्याची खूण मला त्यांच्या मजकुरात सापडली नाही.

बी. पी. जे. अकरा वर्षांची असतानाच वेस्ट व्हर्जिनियाचा कायदा झाला, एप्रिल 2021 मध्ये. तिला नव्या शाळेत क्रॉसकंट्री संघात जायचं होतं. घरात सगळे धावणारे. तिच्या आईने खटला भरला. तिची बाब इतरांपेक्षा वेगळी आहे : वयात येणं थांबवणारी औषधं तिला वेळेत मिळाली, पुढे इस्ट्रोजेन मिळालं, मुलग्याचं यौवन तिच्या शरीराने पाहिलंच नाही. म्हणजे ज्या बदलांमुळे 10-12 टक्क्यांचा फरक पडतो ते बदल तिच्यात झालेच नाहीत. कायद्याला याच्याशी कर्तव्य नाही. तो जन्माच्या नोंदीपाशी थांबतो. तुलनेसाठी सांगतो, जागतिक जलतरण महासंघाने जून 2022 मध्ये केलेला नियम त्या वेळी फार कडक म्हणून गाजला होता. पण त्यातही मुलग्याचं यौवन बारा वर्षांच्या आत, अगदी सुरुवातीलाच, रोखलं गेलं असेल त्यांच्यासाठी दार उघडं होतं. ऑलिंपिकच्या तलावासाठी जी वाट ठेवली गेली ती वेस्ट व्हर्जिनियाच्या शाळेच्या टेकडीवर ठेवली गेली नाही. टेनेसीसारख्या राज्यात तर दोन्ही बाजूंनी कोंडी आहे : खेळावर बंदी, आणि ही औषधं अल्पवयीन मुलांना द्यायलाही बंदी. दुसऱ्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने गेल्या जूनमध्ये शिक्कामोर्तब केलं. यौवनामुळे फायदा मिळतो म्हणून खेळू द्यायचं नाही, आणि यौवन थांबवूही द्यायचं नाही. मग त्या मुलाने जायचं कुठे?

या मुलीबद्दल अवघड भागही सांगायला हवा. क्रॉसकंट्रीत ती वर्षानुवर्षं शेवटच्या काही जणींत असायची. नंतर ती गोळाफेक-थाळीफेकीकडे वळली आणि तिथे पुढे गेली. 2024 मध्ये एका स्पर्धेत प्रतिस्पर्धी शाळेच्या काही मुलींनी तिच्यासोबत गोळा फेकायला नकार देऊन निषेध केला. 2025 मध्ये ती राज्यस्पर्धेत थाळीफेकीत तिसरी आली. राज्य म्हणतं, चौथी आलेली मुलगी पाहा. ते म्हणणं मी झटकणार नाही. पण तिसरी येणाऱ्या प्रत्येक मुलीमागे चौथी असते, आणि तिसरी येणं हा फसवणुकीचा पुरावा मानायला लागलो, तर आपण युटातल्या त्या पालकांच्या ओळीत जाऊन उभे राहतो.

मधली वाट कुणाला सुचलीच नाही असं नाही. एप्रिल 2023 मध्ये बायडन सरकारच्या शिक्षण खात्याने नियमाचा एक मसुदा काढला होता. सरसकट बंदी टायटल नाइनच्या विरुद्ध; पण खेळ, इयत्ता आणि स्पर्धेची पातळी पाहून, न्याय्य स्पर्धेसाठी किंवा इजा टाळण्यासाठी, शाळा काही मर्यादा घालू शकेल. प्राथमिक शाळेत जवळजवळ सगळ्यांना खेळू द्यावं, वर जावं तसं बारकाईने पाहावं, हा त्याचा रोख. माझ्या मते या वादात सरकारी कागदावर आलेला तो सगळ्यात समंजस मजकूर होता. उजवीकडून त्यावर शिव्याशाप आले, डावीकडून विश्वासघाताचा आरोप झाला, आणि डिसेंबर 2024 मध्ये तो गुपचूप मागे घेतला गेला. दोनच महिन्यांत, 5 फेब्रुवारी 2025 रोजी, ट्रम्प यांनी देशभर बंदीचा आदेश काढला : ट्रान्स मुलींना खेळू देणाऱ्या शाळांचा केंद्रीय निधी तोडू. दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने आपला नियम बदलला. त्याआधी काही आठवडे तिचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी सिनेटपुढे सांगितलं होतं की 5,10,000 महाविद्यालयीन खेळाडूंत ट्रान्स खेळाडू दहासुद्धा नसतील. मार्चमध्ये सिनेटमध्ये देशव्यापी बंदीचं विधेयक 51 विरुद्ध 45 मतांवर अडलं, कारण पुढे जायला 60 मतं लागतात.

कॅलिफोर्नियात मात्र यंदा एक प्रयोग झाला, तोही आमदारांच्या हातून नव्हे, शालेय क्रीडासंघटनेच्या हातून. एक ट्रान्स मुलगी उड्यांच्या प्रकारांत राज्य अंतिम फेरीला पात्र ठरली होती. राष्ट्राध्यक्षांनी निधी तोडण्याची धमकी दिली. संघटनेने नियम केला की तिच्यामुळे जिची जागा हुकली असती तिला जादा जागा द्यायची, आणि पदकाची जागाही दोघींना द्यायची. मे महिन्याच्या शेवटी क्लोव्हिस इथे ती मुलगी उंच उडीत आणि तिहेरी उडीत पहिली आली, आणि विजेत्यांच्या चौथऱ्यावर पहिल्या क्रमांकाच्या पायरीवर तिच्यासोबत इतर मुलीही उभ्या राहिल्या. हा तोडगा परिपूर्ण नाही. विश्वविजेतेपदाला तो चालणार नाही, सांघिक खेळात कसा लावायचा हेही कळत नाही. पण शाळेच्या स्पर्धेत एक जादा पट्टी आखणं, एक जादा पदक करून घेणं शक्य असतं, हे कुणीतरी करून दाखवलं. जुलैमध्ये केंद्र सरकारने कॅलिफोर्नियावर खटला भरला.

जानेवारीतली सुनावणी ऐकताना मी एका गोष्टीकडे लक्ष देणार आहे. न्यायाधीश अकरा वर्षांची मुलगी आणि पंचवीस वर्षांची खेळाडू यांत फरक करतात का? राज्यांचे वकील सगळ्यांना एकाच वाक्यात बसवू पाहतील. निकाल राज्यांच्या बाजूने लागला, तरी बंदी घालण्याची मुभा म्हणजे बंदीची सक्ती नव्हे. कॅलिफोर्निया, कनेक्टिकट यांच्यासारख्या राज्यांचा झगडा चालूच राहील. आणि ज्या राज्यांत बंदी टिकेल तिथेही पडताळणी कशी करायची हा प्रश्न शाळेच्या पातळीवर रोज उभा राहणार आहे.

इथे समोर बसलेल्या अनेकांची मुलं आणि नातवंडं तिकडे शिकतात. न्यू जर्सीत कायदा एक, टेक्सासमध्ये दुसरा. टेक्सासमध्ये 2021 च्या कायद्याने जन्माच्या वेळच्या दाखल्यावर संघ ठरतो. आपल्या घरात ट्रान्स मूल नाही म्हणून हा विषय आपला नाही, असं मराठी मंडळी मला सांगतात. मी त्यांना युटातल्या त्या मुलीची गोष्ट सांगतो. उंच, काटक, केस बारीक कापलेली, जोरात धावणारी मुलगी आपल्याही घरात असते. तिकडच्या शाळांचा कारभार निवडून दिलेलं स्थानिक शिक्षण मंडळ पाहतं, त्याच्या बैठका खुल्या असतात आणि नागरिकांना तिथे काही मिनिटं बोलता येतं. आपली माणसं तिथे गणिताच्या अभ्यासक्रमाबद्दल बोलायला आवर्जून जातात. याही विषयावर जावं. एखाद्या मुलीविरुद्ध तक्रार कोण करू शकतं, ती लेखी आणि सहीनिशी असते का, तक्रार आल्यावर कोणते कागद कोण उघडतं, मुलीच्या घरी आधी कळवतात की नंतर, तपासणीचा आग्रह धरायचा अधिकार कुणाला आहे, आणि तक्रार खोटी निघाली तर तक्रारदाराला उत्तर द्यावं लागतं का, हे विचारावं. मंडळाच्या उत्तराची लेखी प्रत मागून घ्यावी.